बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

माणसाने तीन गोष्टी उगाच बदलू नयेत असे माझे ठाम मत आहे : न्हावी, चहाचे दुकान आणि भांडायची जागा. न्हावी बदलला तर आपले डोके नव्या हाताला सरावेपर्यंत दोन महिने टोपी घालून हिंडावे लागते. चहाचे दुकान बदलले तर पोट कुरकुरते. पण भांडायची जागा बदलली तर मुळात भांडणच जमत नाही. कोण कुठे बसतो, कोणाचा आवाज कुठून येतो, कोणाला कधी थांबवायचे आणि कोण कधीच थांबत नाही, हे सगळे वर्षानुवर्षांच्या तपश्चर्येने ठरलेले असते. आमच्या मीरा रोडच्या सोसायटीत सध्या ही तिसरी गोष्ट बदलण्याचा घाट घातला गेला आहे, आणि म्हणून हा लेखनप्रपंच.

घाट असा आहे. आमच्या सोसायटीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तो बंद करायचा आणि समस्त सभासदांनी आपली बाडबिस्तरे उचलून एका नव्या ॲपवर राहायला जायचे. त्या ॲपचे नाव मी सांगत नाही. असली ॲपे सध्या पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली आहेत; एकीचे नाव घेतले तर बाकीच्यांवर अन्याय व्हायचा. कमिटीतल्या तरुण मंडळींनी सोसायटीच्या ऑफिसात भिंतीवर चित्रे पाडून आम्हाला त्याची महती समजावून सांगितली. ऑफिसच्या भिंतीला गेल्या चार पावसाळ्यांपासून गळती आहे. त्यामुळे 'सभासदांचे समाधान' हा वर चढत जाणारा आलेख नेमका बुरशीच्या डागात शिरून दिसेनासा होत होता. गळतीचे काय करायचे हा विषय त्या सभेत नव्हता. विषय होता तो गळतीबद्दलची चर्चा यापुढे कुठे करायची हा.

आता आमच्या ग्रुपचा थोडा इतिहास सांगतो. तो निघाला २०१५ साली. त्या वेळी व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात शंभरच माणसे मावत, आणि आमची बिऱ्हाडे एकशे बारा. म्हणजे बारा घरे पहिल्या दिवसापासून फलाटावर. २०१६ साली ही मर्यादा २५६ झाली तेव्हा कुठे त्यांना आत घेता आले. त्या बारांपैकी एक गृहस्थ आजही कुठल्याही वादाच्या शेवटी 'आम्हाला सुरुवातीपासूनच बाहेर ठेवलं' हे वाक्य टाकतात, मग वाद लिफ्टचा असो की गणपतीच्या वर्गणीचा. पुढे २०२२ साली ही मर्यादा ५१२ आणि त्याच वर्षी १०२४ झाली. तेवढी माणसे आमच्याकडे नाहीत. पण कबुतरे सभासद करून घेतली तर होतील.

ग्रुपात दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला मी ॲडमिन नाही. सकाळी पावणेसहापासून गुलाबाची फुले येऊ लागतात. ती सात वाजेपर्यंत येत राहतात. मग सुविचार येतात. मग कोमट पाण्याचे फायदे. आता आमच्या गावाला पाणी येते ते स्टेम आणि एमआयडीसी या दोन ठिकाणांहून, आणि दोघांपैकी कुणीतरी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवले की आम्हाला कोमट पाण्याचे फायदे नुसते वाचायलाच मिळतात. अशा दिवशी 'टँकर सात वाजता येणार' हा सेक्रेटरींचा मेसेज एका बाजूला गुलाब आणि दुसऱ्या बाजूला मेथीचे दाणे अशा कोंडीत सापडतो आणि ज्यांना तो हवा असतो त्यांना तो दिसत नाही. टँकर निघून गेल्यावर मात्र तो सगळ्यांना दिसतो, आणि मग खरा ग्रुप सुरू होतो.

नव्या ॲपवाल्यांचा पहिला मुद्दा नेमका हाच. म्हणे, 'तिथे प्रत्येक गोष्टीला वेगळा कप्पा आहे. नोटिसांचा वेगळा, तक्रारींचा वेगळा, मेंटेनन्सच्या बिलांचा वेगळा, फाटकावरच्या पाहुण्यांचा वेगळा आणि चर्चेचा वेगळा.' ऐकायला फार गोड वाटते. आमच्या घरातल्या मसाल्याच्या डब्यालाही सात वाट्या आहेत. पण कुठल्याही दिवशी उघडून पाहा, जिरे मोहरीत असते आणि हळद सर्वत्र असते. माणसाचे बोलणे या जातीचे असते हो! 'लिफ्टमध्ये कुणाचं तरी लोणचं सांडलंय' हा मेसेज घ्या. ही तक्रार आहे, सूचना आहे, की हरवले-सापडले आहे? आमच्या पूर्वेला काशीमिऱ्याच्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. उद्या तिकडून एखादा बिबट्या कंपाउंडमध्ये आला तर त्याची नोंद 'पाहुणे' या कप्प्यात करायची की 'पाळीव प्राणी' या? सभासद कप्पा शोधत बसतील तोवर बिबट्याने सभासद शोधलेला असेल. ग्रुपवर नुसते 'बिबट्या' एवढे लिहिले की पुरते. शुद्धलेखन चुकले तरी चालते.

दुसरा मुद्दा भांडणांचा. ग्रुपवर फार भांडणे होतात, नव्या ॲपवर ती होणार नाहीत, असे आमच्या खजिनदारांना वाटते. खजिनदार तरुण आहेत, त्यांचे नुकतेच लग्न झाले आहे, त्यामुळे नवी जागा घेतली की भांडणे संपतात असे वाटण्याचे त्यांचे वय आहे. पण मी म्हणतो, आमची भांडणे कशावरून होतात ती यादी काढा. पार्किंग, गळती, कबुतरांचे दाणे, वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकवण्याची वेळ आणि होळीच्या हिशेबातले चारशे रुपये. यातले एक तरी भांडण व्हॉट्सॲपने लावून दिले आहे काय? गाड्या सत्तर आणि जागा एकेचाळीस, हा काही कुठल्या प्रोग्रॅममधला दोष नाही. हे भागाकाराचे दुखणे आहे. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर बदलून ताप उतरत असता तर डॉक्टरांऐवजी काचवाल्यालाच बोलावले असते.

आणि भांडणे व्हावीत कशी याची सोय सरकारने आमच्यासाठी केव्हाच करून ठेवली आहे. १९६० सालचा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आहे. २०१९ मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी एक वेगळे प्रकरणच घातले गेले. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यायची, सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा वीस, यांत जो आकडा लहान असेल तितकी माणसे जमवायची आणि ती अर्ध्या तासात जमली नाहीत तर सभा तहकूब करायची. आमची सभा दर वर्षी तहकूब होते. एकशे बारा घरांतून वीस माणसे खाली उतरत नाहीत, आणि हीच एकशे बारा घरे नव्या ॲपवर जाऊन 'मुद्देसूद चर्चा' करणार आहेत म्हणे! जिन्याने दोन मजले न उतरणारा माणूस पासवर्ड टाकून तीन कप्पे ओलांडून चर्चेला येईल, हा आशावाद मला फार हृद्य वाटतो.

तिसरा मुद्दा जरा वजनदार आहे. व्हॉट्सॲप ही परक्या कंपनीची मालमत्ता, ती आपली माहिती गोळा करते, तेव्हा तिच्या घरात राहू नये. हे खरेच आहे. २००९ साली दोघा मित्रांनी ते काढले आणि २०१४ साली फेसबुकने ते विकत घेतले. २०२१ च्या जानेवारीत कंपनीने नवे नियम पुढे केले, 'मान्य करा, नाहीतर…' अशा थाटात. त्यावर देशभर गलका झाला. २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्या स्पर्धा आयोगाने त्या नियमांपायी मेटा कंपनीला २१३ कोटी रुपयांचा दंडही ठोठावला आणि मामला अपिलात गेला. इथवर मी ॲपवाल्यांच्या बाजूचा आहे. पण त्या जानेवारीत आमच्याकडे काय झाले ते ऐका. सी विंगमधल्या एका बाणेदार गृहस्थांनी 'गुलामगिरी सोडा' अशी हाक दिली आणि बावीस घरे घेऊन ते सिग्नल नावाच्या ॲपवर निघून गेले. गंमत अशी की त्या सिग्नलच्या मागची संस्था २०१८ मध्ये उभी करणाऱ्यांत व्हॉट्सॲप काढणाऱ्या दोघांपैकीच एकजण होता. म्हणजे जुन्या बिल्डरवर रुसून आपण त्याच्याच नव्या स्कीममध्ये बुकिंग केले. त्यातून सगळ्या जगाने एकदमच तिकडे धाव घेतल्यामुळे १५ जानेवारीला सिग्नल बंदच पडले. नव्या घरात शिरावे आणि पहिल्याच दिवशी नळाला पाणी नसावे, हा अनुभव मीरा रोडच्या माणसाला नवा नाही. पण तो फोनवरही यावा हे जरा जास्त झाले. महिन्याभरात बावीसच्या बावीस घरे परत आली. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला त्यांच्यापैकी एकाने गुलाब पाठवला, एवढेच.

खरी गोष्ट अशी आहे की बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय हे मीरा रोडच्या माणसाला कोणी शिकवायला नको. आमच्यातले निम्मे लोक गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या चाळींतून आले. त्या वेळी इथे मिठागरे होती, खाडी होती, डास होते आणि 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' अशी जाहिरात होती. ही पाच मिनिटे चालणाऱ्याची नसून जाहिरात लिहिणाऱ्याची होती, हे नंतर कळले. १९८५ साली इथे नगरपालिका आली, २००२ साली महानगरपालिका झाली, शांतीनगरची सेक्टरे उभी राहिली, आणि आम्ही विरार गाडीच्या दारात लोंबकळत 'उतरायचंय, उतरायचंय' म्हणायला शिकलो. चाळ सोडताना प्रत्येकाने मिळकतीची यादी केली होती : स्वतंत्र संडास, दोन खोल्या, ओटा, चोवीस तास पाणी (हे यादीतच राहिले). काय जाणार याची यादी कोणी केली नाही. कारण ती वस्तू बिलात नव्हती. ती होती गॅलरी. चाळीच्या त्या लांबलचक गॅलरीत कोणाचे पत्र आले, कोणाची मुलगी पाहायला आले, कोणाकडे आज चूल पेटलेली नाही, हे न विचारता कळत असे. इथे आल्यावर दारे बंद झाली. सेफ्टी डोअर आले, त्याला भिंग आले, आणि शेजाऱ्याचे नाव पाटीवरून वाचायची वेळ आली.

आमचा ग्रुप म्हणजे आम्हाला तीस वर्षांनी परत मिळालेली गॅलरी आहे, असे माझे म्हणणे आहे. तिच्यात वाळत घातलेले कपडे आहेत, केरसुणी आडवी पडलेली आहे, कोणीतरी उगाच खाकरत उभा आहे. नीटनेटकी अजिबात नाही. पण 'गॅलरी फार अस्ताव्यस्त आहे, तेव्हा ती पाडून तिथे सहा कपाटे बसवू' असे म्हणणाऱ्याने आधी तिथून काय काय जाते-येते ते पाहावे.

२०२० च्या मार्चअखेरीस सगळे दरवाजे बंद झाले तेव्हा याच ग्रुपवर दुधाच्या पिशव्यांची यादी झाली. भाजीच्या गाडीसाठी मजलेवार वेळा ठरल्या. एरवी होळीच्या चारशे रुपयांवरून एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन गृहस्थ एकमेकांची रक्तदाबाची गोळी आणून देऊ लागले. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये रात्री अडीच वाजता 'सिलिंडर कुठे मिळेल?' एवढाच मेसेज आला होता. त्याला सहा मिनिटांत पाच उत्तरे आली. त्यात एक उत्तर कबुतरांना दाणे घालणाऱ्यांचे होते आणि प्रश्न कबुतरांविरुद्ध अर्ज करणाऱ्यांचा होता. ते गृहस्थ वाचले नाहीत. त्यांचा ग्रुपवरचा शेवटचा मेसेज 'लिफ्ट चालू झाली का?' असा आहे, आणि त्यांचा नंबर अजून ग्रुपवर आहे. पाच वर्षांत चार ॲडमिन झाले, एकानेही तो काढलेला नाही. कोणी ठराव केला नाही, कोणी सूचक नाही, अनुमोदक नाही. नव्या ॲपवर जाताना 'सक्रिय सभासदांचीच' नावे न्यायची आहेत, असे त्या भिंतीवरच्या चित्रात लिहिले होते. तेवढे वाचून मी माझे मत पक्के केले.

आणि जे जिवंत आहेत त्यांच्यातले तरी सगळे कुठे चालले आहेत? नव्या ॲपवर शिरताना पहिलाच प्रश्न येतो : मालक की भाडेकरू? भाडेकरू म्हटले की त्याला बिल दिसते, फाटक दिसते, तक्रार करता येते. पण चर्चेच्या कप्प्याला कुलूप. कायद्याने भाडेकरूला सभेत मत नाही हे मला ठाऊक आहे. पण मत नसणे वेगळे आणि तोंड नसणे वेगळे. चौथ्या मजल्यावर तीन परिचारिका भाड्याने राहतात. त्या वाईट दिवसांत ड्यूटीवरून परत आल्यावर घरोघरी ऑक्सिजनचा आकडा पाहून जायचे काम त्यांनी केले. ग्रुपवर आजवर त्यांना कोणी करारनामा विचारला नाही. आता त्यांनी 'पंप रात्री आवाज करतो' असे म्हणायचे तर घरमालकामार्फत म्हणावे लागणार. घरमालक दुबईला असतो. तिथे पंपाचा आवाज जात नाही.

बी विंगमधल्या आजींचे आणखी निराळे. त्या टाइप करीत नाहीत. बटण दाबून धरतात आणि बोलतात. त्यांचा निरोप दीड मिनिटाचा असतो, त्यात मालवणी असते, कुकरची शिटी असते आणि शेवटी 'बटाण सुटला काय गे?' असा सुनेला प्रश्न असतो. नव्या ॲपमध्ये बोलून निरोप पाठवायची सोय नाही. कप्पा निवडा, विषय लिहा, मग मजकूर. आजींना हे समजावून सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, माका पाणी येणा नाय, तेचो सब्जेक्ट काय घालू?" याचे उत्तर कमिटीकडे नव्हते. शिवाय आजींच्या फ्लॅटवर नोंदलेला फोन मुलाचा आहे आणि मुलगा टोरांटोला आहे. सकाळी सहाला दूधवाला फाटकावर आला की परवानगीची घंटी टोरांटोत वाजणार. तिथे आदल्या दिवशीची रात्र असते. दूध आत घ्यायचे की नाही हे कॅनडाने ठरवायचे, आणि मांजराने फाटकावर वाट पाहायची.

भाषेचेही पाहा. आमच्या ग्रुपवर एकाच वाक्यात तीन भाषा नांदतात. 'पानी का टाकी साफ करणेका है, सगळ्यांनी बाल्टी भरून ठेवो' ही आमची राजभाषा. २०२५ च्या जुलैत भाषेवरून मीरा रोडला मोर्चे निघाले, टीव्हीच्या गाड्या आल्या, लांबलांबचे नातेवाईक फोन करून 'तुमच्याकडे ठीक आहे ना?' विचारू लागले. त्या आठवड्यात ग्रुपवर सगळे विलक्षण जपून बोलत होते, म्हणजे परिस्थिती गंभीर होती. आणि मग ए विंगमधल्या गुजराती काकूंनी विचारलं, "अळूवडीला चिंच केटली नाखवानी?" त्यावर मराठी, मारवाडी आणि मंगळूरकडच्या मिळून अकरा पाककृती आल्या आणि चिंच विरुद्ध कोकम असे एक स्वच्छ, निकोप भांडण रात्री अकरापर्यंत चालले. हा मेसेज नव्या ॲपवर कुठल्या कप्प्यात गेला असता? 'अवांतर' असा एक कप्पा आहे म्हणे. तो सुरुवातीला बंदच ठेवणार आहेत.

आता पैशाचे. पहिले वर्ष फुकट आहे. वधूपक्षाला साखरपुड्यापर्यंत सगळे फुकटच वाटत असते. पुढच्या वर्षापासून दर फ्लॅटमागे आकार, आणि तोवर आमची बिले, गाड्यांचे नंबर, मोलकरणींचे फोटो, त्या किती वाजता आल्या नि गेल्या, हे सगळे कंपनीच्या पोटात. व्हॉट्सॲपला माझे गुलाब ठाऊक आहेत. या कंपनीला माझ्या घरी कोण कधी येतो तेही ठाऊक असणार. माहितीच्या काळजीने घर सोडायचे आणि जास्त खिडक्यांच्या घरात जायचे, हा न्याय मला कळत नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. पण आमच्या कमिटीने करारावरची बारीक अक्षरे कोणाला वाचायला दिली नाहीत आणि मोलकरणींना तर कोणी विचारलेलेही नाही.

शिवाय ही घरे टिकतात किती? ऑर्कुटवर आमच्या कॉलेजची अख्खी बॅच राहायला गेली होती. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते पाडले. याहूचे ग्रुप १५ डिसेंबर २०२० रोजी गेले. आपले देशी हाइक २०२१ च्या जानेवारीत आणि कू २०२४ च्या जुलैत बंद झाले. अमेरिकेत डिग नावाचे एक मोठे गप्पांचे ठिकाण होते. त्याच्या मालकांनी २०१० च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत सगळा नकाशा बदलला, जुना परत देईनात, तेव्हा लोक चिडून शेजारच्या रेडिटवर राहायला गेले आणि दोन वर्षांत डिग विकायची पाळी आली. जुने घर कंटाळवाणे होते म्हणून कोणी गेले नव्हते. न विचारता भिंती हलवल्या म्हणून गेले.

याचा अर्थ जन्मभर एकाच जागी बसावे असा नाही. घरे बदलावीच लागतात; आम्ही बदलली म्हणून तर मीरा रोड झाले. हलवण्याची रीत मात्र असते. मराठीतलेच उदाहरण घ्या. १९९६ साली गणेश चतुर्थीला 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू झाले. तिथे जगभरची मराठी माणसे 'हितगुज' करीत, म्हणजे आमच्यासारखीच भांडत. पुढे तिथली यंत्रणा बदलली, नवी मायबोली आली. पण जुन्या हितगुजवरच्या गप्पा त्यांनी भंगारात घातल्या नाहीत, वाचायला ठेवल्या. याला मी बिऱ्हाड हलवणे म्हणतो. बाकीच्याला घर खाली करून घेणे म्हणतात.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि त्या मी वार्षिक सभेत मांडणार आहे. बिले, फाटक आणि नळाची तक्रार ही ऑफिसची कामे. ती खुशाल नव्या ॲपवर न्या. तक्रारीला नंबर मिळतो हे चांगलेच आहे, निदान ती कितवी बेदखल झाली ते कळेल. टँकरची वेळ तिथेही घाला, ग्रुपवरही घाला आणि खाली फळ्यावर खडूनेही लिहा. वॉचमनकडे ॲप नाही, पण फाटक त्याच्याकडे आहे. गप्पांना मात्र हात लावू नका. आणि लावायचाच असेल तर तीन अटी. पहिली, २०१५ पासूनचे सगळे बोलणे उतरवून सोसायटीच्या दप्तरात ठेवा, गुलाबांसकट. निवड करायला बसलात की नको तेच राहील. दुसरी, सहा महिने दोन्ही घरे उघडी ठेवा आणि आजी स्वतः होऊन नव्या घरात बोलू लागल्याशिवाय जुन्याला कुलूप घालू नका. तिसरी, नव्या घरात भाडेकरूला तोंड द्या आणि उद्या आम्हाला ते घर सोडायचे झाले तर आमचे सामान आम्हाला परत मिळेल, हे कंपनीकडून लिहून घ्या. या तीन अटींना कंपनी 'हो' म्हणाली तर पहिली पेटी मी स्वतः उचलीन.

खजिनदारांना हे पटलेले नाही. ते म्हणतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर गंभीर चर्चा होऊच शकत नाही, मेसेज हरवतात, लोक वाचत नाहीत. गेले तीन आठवडे ते हे ग्रुपवरच सांगत आहेत. त्यावर आजवर तीनशे चाळीस उत्तरे आली. मालकांची आली, भाडेकरूंची आली, आजींचा दीड मिनिटाचा निरोप आला, टोरांटोहून आले. त्यातले एकही कोणाच्या नजरेतून सुटलेले नाही. आणि कालपासून त्यात कोणी गुलाबसुद्धा टाकलेला नाही.